१६ आठवडे आणि माझा फळा

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेलो होतो: कॅनडाचा गायक ब्रायन अ‍ॅडम्स याचं 'एव्हरीथिंग आय डू, आय डू इट फॉर यू' हे गाणं १९९१मध्ये ब्रिटनच्या खपाच्या यादीत सलग १६ आठवडे पहिलं होतं. लेख होता भावगीतांच्या जुन्या कॅसेटींवर. पत्रं मात्र आली ती सगळी त्या एका ओळीवर. भावगीतांनी काय पाप केलंय कळत नाही. असो, तर यावेळचं 'रिवाइंड' हे सदर सगळं त्या एकाच गाण्याचं.

नव्या वाचकांसाठी: सांगलीत स्टँडजवळ माझं कॅसेटचं दुकान होतं, १९८६ ते २००४. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

प्रश्न : माझा नातू म्हणतो, ब्रिटनमधला विक्रम १८ आठवड्यांचा आहे, १६चा नाही. तुमचं चुकलं का? आणि मुळात हे आठवडे मोजतं कोण? (द. वि., पुणे)

नातू हुशार आहे, पण माझंही चुकलेलं नाही. फ्रँकी लेनचं 'आय बिलीव्ह' १९५३मध्ये एकूण १८ आठवडे पहिलं होतं, पण मध्ये खाली उतरून, पुन्हा वर चढून. सलग म्हणाल तर अ‍ॅडम्सच. त्याच्याआधी सलगचा मान स्लिम व्हिटमनच्या 'रोझ मेरी'कडे होता, १९५५चे ११ आठवडे. तो ३६ वर्षं कुणी मोडला नव्हता.

अ‍ॅडम्सचं गाणं जुलैच्या पहिल्या आठवड्यात वर चढलं आणि ऑक्टोबर संपत आला तेव्हा उतरलं. उतरवलं यू-टू या बँडच्या 'द फ्लाय'ने, आणि ते बिचारं एकच आठवडा टिकलं. पण मला खरी दया येते ती राइट सेड फ्रेड या बँडची. त्यांचं 'आय अ‍ॅम टू सेक्सी' ६ आठवडे दुसऱ्या पायदानावर उभं राहिलं आणि वरचा माणूस काही उठेना. एसटीत खिडकीच्या जागेवर डोळा ठेवून उभं राहावं आणि खिडकीवाल्याने थेट मुंबईपर्यंतचं तिकीट काढलेलं असावं, तसं.

आता मोजणी. 'पायदान' शब्द मी मुद्दाम वापरला, कारण आपल्या पिढीला यादी म्हटलं की अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला'च आठवते. तिथेही दुकानदारांचे विक्रीचे आकडे आणि श्रोता संघांची मतं असा मेळ घालत. ब्रिटनमध्ये तेव्हा फक्त विक्री. आधी निवडक दुकानदार वहीत लिहून आठवड्याची वही पोस्टाने धाडायचे. १९८३पासून हे काम गॅलपकडे गेलं, तेच निवडणुकीच्या अंदाजवाले. त्यांनी दुकानांत यंत्रं बसवली. गल्ल्यावर सिंगल, म्हणजे एका गाण्याची रेकॉर्ड, विकली की यंत्रात नोंद, आणि रविवारी बीबीसी रेडिओ वनवर निकाल. सगळी दुकानं नव्हेत हं, नमुन्याची. कोणत्या दुकानात यंत्र आहे याचा सुगावा काढून आपलीच रेकॉर्ड आपल्याच माणसांकरवी विकत घेणारे कंपनीवाले तिथेही निघाले. दुकानदार म्हणून मला त्यात काही आश्चर्य वाटत नाही.

अमेरिकेत हे गाणं २७ जुलैच्या यादीपासून ७ आठवडे पहिलं होतं, आणि तिथल्या 'बिलबोर्ड' या संगीताच्या साप्ताहिकाच्या वर्षअखेरच्या यादीतही १९९१चं पहिलं. पण तिथली मोजणी तेव्हा वेगळी होती. दुकानदार काय जास्त खपतंय ते कळवायचे, रेडिओवाले काय वाजवतोय ते कळवायचे, त्यावरून यादी. म्हणजे आमच्यासारख्यांच्या शब्दावर! ३० नोव्हेंबर १९९१च्या यादीपासून ते बंद झालं. बारकोडवरून विक्री आणि यंत्राने ऐकलेलं रेडिओवरचं वाजणं असा खरा हिशेब सुरू झाला. त्यानंतर काय झालं बघा: पुढच्याच वर्षी अमेरिकेत एक गाणं १३ आठवडे पहिलं राहिलं, मग दुसरं १४. लोकांची आवड एका रात्रीत इतकी चिवट झाली का? छे. दुकानदाराला आणि रेडिओवाल्याला दर आठवड्याला नवं काहीतरी सांगायचं असतं. यंत्राला तसं काही वाटत नाही.

हे मी इतक्या खात्रीने सांगतोय, कारण मीही यादी काढायचो. दुकानाबाहेर एक फळा होता, शाळेतून मोडीत काढलेला. दर शनिवारी संध्याकाळी मी त्यावर खडूने 'या आठवड्याची टॉप टेन' लिहायचो. कॉलेजची पोरं सायकल थांबवून वाचायची. त्या फळ्याची खरी गोष्ट आज सांगून टाकतो. त्यावर काय खपतंय ते मी, एक अपवाद सोडला तर, कधीच लिहिलं नाही. काय खपत नाहीये ते लिहायचो. एकदा एका हिंदी चित्रपटाच्या १०० कॅसेटी उचलल्या, पहिल्या महिन्यात ११ गेल्या. फळ्यावर तो चित्रपट दुसऱ्या नंबरला टाकला. पहिल्या नाही! पहिल्यावर टाकलं की लोक म्हणतात, हे तर सगळ्यांकडे आहे. दुसऱ्यावर दिसलं की वाटतं, अरे, आपल्याला कसं कळलं नाही. ३ आठवड्यांत खोकी रिकामी.

आणखी एक. ब्रिटनमध्ये सिंगल विकत घेता यायची, म्हणजे एका गाण्याचे पैसे देऊन एक गाणं. आपल्याकडे कॅसेटच्या जमान्यात ही चीजच नव्हती. वडिलांच्या काळी ७८च्या तबकड्या होत्या, एका बाजूला एक गाणं. आमच्या काळात दोन गाण्यांसाठी अख्खी कॅसेट घ्यायची आणि उरलेल्या आठ गाण्यांवर बोटं मोडायची. अ‍ॅडम्सचा स्वतःचा अल्बम, 'वेकिंग अप द नेबर्स', आला सप्टेंबर १९९१च्या अखेरीस. तोवर जुलै, ऑगस्ट आणि जवळजवळ सगळा सप्टेंबर हे गाणं घ्यायचं तर सिंगल, नाहीतर चित्रपटाचा अल्बम. ब्रिटनमध्ये त्या वर्षी १५ लाखांहून जास्त सिंगल खपल्या. गाणं चांगलं आहे, नाही म्हणत नाही. पण माल कधी, कशा आकारात आणि कोणत्या गल्ल्यावर ठेवला, हेही त्या १६ आठवड्यांत आहेच.

प्रश्न : शब्दकोशात 'बॅलड'ला 'पोवाडा' असा प्रतिशब्द दिला आहे. मग 'रॉक बॅलड' म्हणजे काय, दगडावरचा पोवाडा? प्रेमगीताला हे नाव का? (निवृत्त मराठी शिक्षक, मिरज)

गुरुजी, तुमचं पत्र वाचून दुकानातल्या खुर्चीवरून पडलो असतो, दुकान असतं तर.

शब्दकोश चुकलेला नाही. इंग्रजांना आपले पोवाडे दिसले तेव्हा त्यांनी त्यांना बॅलडच म्हटलं; १८९०च्या दशकात अ‍ॅकवर्थ या साहेबाने पोवाड्यांची इंग्रजी भाषांतरं छापली तीही 'मराठ्यांची बॅलड्स' म्हणूनच. बॅलड म्हणजे गोष्ट सांगणारं गाणं. कुणी मारला गेला, कुणी लुटलं, कुणी सूड घेतला. शब्दाचं मूळ नाचण्याच्या क्रियापदात आहे, 'बॅले'चंही तेच. इंग्लंडात ही गाणी एकेका कागदावर छापून रस्त्यावर विकायचे. म्हणजे सिंगलच म्हणा ना, फक्त चाल विकणाऱ्याच्या तोंडात.

मग शब्द घसरला. एकोणिसाव्या शतकात दिवाणखान्यात पियानोवर म्हणायच्या हळव्या गाण्यांना बॅलड म्हणू लागले, विसाव्यात कुठल्याही संथ प्रेमगीताला. गोष्ट गळून गेली, संथपणा राहिला. आपल्याकडे गझलेचं झालं तेच हे. संथ आणि दर्दभरं काही वाजलं की माझं गिऱ्हाईक म्हणायचं, "गझलची कॅसेट द्या." मतला नाही, काफिया नाही, पण मी वाद घालत नसे. काढून द्यायचो.

रॉक बॅलड म्हणजे एरवी धडाडधूम वाजवणाऱ्या मंडळींनी हळू वाजवलेलं गाणं. त्याची एक ठरलेली चढण असते. आधी पियानो आणि जवळजवळ कानात बोलल्यासारखा आवाज. ढोलवाला हात बांधून बसलेला. एक कडवं गेलं की तो शिरतो. मग इलेक्ट्रिक गिटार, मग आवाज फाटेपर्यंत वर, गिटारचा एकट्याचा तुकडा, आणि शेवटी पुन्हा खाली. या गाण्यात हे सगळं जसंच्या तसं आहे. अ‍ॅडम्सचा आवाज मुळात घोगरा, घसा बसल्यासारखा. गोड गळ्याच्या माणसाने हेच शब्द म्हटले असते तर पाकात बुडालेले वाटले असते. त्याच्या घशातून ते खरवडून निघतात म्हणून खपतात. एखाद्या रांगड्या माणसाने लग्नात मुलीला निरोप देताना डोळे पुसावेत, तसा परिणाम.

पण तुमच्या प्रश्नातली खरी गंमत पुढेच आहे. हे गाणं ज्या चित्रपटासाठी लिहिलं गेलं तो रॉबिन हूडवरचा, 'रॉबिन हूड: प्रिन्स ऑफ थीव्ज'. आणि रॉबिन हूड हा माणूस आपल्याला मुळात माहीत आहे तोच बॅलडमधून! इंग्रजीतले सर्वांत नावाजलेले जुने 'पोवाडे' त्याचेच. पंधराव्या शतकापासूनचे मिळतात. म्हणजे ज्याच्यावर खरी बॅलड्स रचली गेली, त्याच्याच चित्रपटाला शेवटी नव्या अर्थाचं बॅलड मिळालं, ज्यात रॉबिन हूडचं नाव एकदाही येत नाही. चित्रपट कंपनीला त्यात ल्यूट, मँडोलिन असली जुन्या जमान्यातली वाद्यं हवी होती, असं अ‍ॅडम्सनेच सांगितलंय. त्याने ऐकलं नाही. त्यांना बहुतेक डफ-तुणतुणं हवं होतं, गुरुजी. तुमच्या बाजूचे होते ते.

प्रश्न : आमच्या इथे जुने लोक सांगतात की कॅनडाच्या रेडिओने ब्रायन अ‍ॅडम्सलाच 'कॅनेडियन नाही' ठरवलं होतं. तो तर इथलाच! ही अफवा का? (मूळचे सातारचे, सध्या टोरांटो)

अफवा नाही. त्याला नाही, त्याच्या गाण्यांना ठरवलं होतं.

तुमच्या देशात १९७१पासून नियम आहे की रेडिओवर ठरावीक हिस्सा कॅनेडियन गाणी वाजलीच पाहिजेत. शेजारी अमेरिका, सगळं तिकडूनच वाहून येणार, म्हणून हा बांध. मग कॅनेडियन गाणं कोणतं? त्यासाठी ४ खुणा ठरवल्या: संगीत कुणाचं, कलाकार कोण, रेकॉर्डिंग कुठलं, शब्द कुणाचे. इंग्रजीतली त्यांची आद्याक्षरं जोडली की 'मेपल'सारखा शब्द होतो, तुमच्या झेंड्यावरचं पान. चारपैकी २ खुणा जुळल्या की गाणं कॅनेडियन.

अ‍ॅडम्सचा जन्म ओंटारियोतल्या किंग्स्टनचा, तेव्हा कलाकाराची खूण पक्की. पण अल्बमची गाणी त्याने रॉबर्ट जॉन 'मट' लँगबरोबर लिहिली होती. लँग जन्माने आजच्या झांबियातला, वाढला दक्षिण आफ्रिकेत. आपण ज्या गाण्याबद्दल बोलतोय त्यात तिसरा भागीदार मायकेल केमन, तो न्यूयॉर्कचा. आणि कामाचा मोठा भाग लंडनमध्ये. दोघांनी मिळून लिहिलं तर संगीताची आणि शब्दांची खूण मिळत नसे. उरली एकच. जगभर कॅनडाचं नाव वाजत होतं आणि घरचा नियम म्हणत होता, हा परका. अ‍ॅडम्स जाहीरपणे भडकला, मोठा गदारोळ झाला. नंतर नियमाला फाटा फुटला: परदेशी माणसाबरोबर लिहिलं तरी शब्द आणि संगीत दोन्हींत कॅनेडियनचा निम्मा वाटा असेल तर चालेल.

माझं मत विचाराल तर मी नियमाच्या बाजूचा. हसू येतं हे खरं. पण २०१५मध्ये आपल्याकडे मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपटाला प्राइम टाइम द्यावा म्हणून वाद पेटला, तेव्हा सक्तीला नाकं मुरडणारे बरेच माझ्या ओळखीचे होते. त्यांच्यापैकी एकानेही सक्ती नसताना स्वतःहून मराठी चित्रपटाचं तिकीट काढलेलं मला आठवत नाही. बांध घातला की एखादा आपलाच मासा बाहेर अडकतो. म्हणून बांध फोडायचा नसतो, दरवाजा करायचा असतो.

प्रश्न : आमच्या घरी पैज लागली आहे. यजमान म्हणतात हे गाणं चित्रपटात मध्येच, जंगलात आहे. मी म्हणते शेवटी. हरेल त्याने महिनाभर सकाळचा चहा करायचा. (सौ. प., नाशिक)

ताई, उद्यापासून चहा अंथरुणात.

गाणं शेवटच्या नामावळीवर आहे. लोक उठून चपला शोधत असतात तेव्हा. ज्या गाण्याने पुढे चित्रपटापेक्षा जास्त नाव काढलं, ते तिथे होतं. पण यजमानांना अगदीच खोटं पाडू नका. केमन हा त्या चित्रपटाचा संगीतकार. त्याने प्रेमप्रसंगांसाठी जी धून बांधली होती तिच्यातूनच हे गाणं उगवलं. ती धून चित्रपटात मध्ये मध्ये वाजते, तीच त्यांच्या कानात राहिली असणार. गाण्याचा मुखडाही संवादातून आलाय. मॅरियन रॉबिनला राजासाठी काहीतरी कर म्हणते, तर तो म्हणतो, तुझ्यासाठी करीन. अ‍ॅडम्स आणि लँगनी ती धून घेतली आणि, अ‍ॅडम्सच्या सांगण्यानुसार, पाऊण तासात गाणं उभं केलं. आठवड्यातून एक दिवस चहा तुम्ही करा, बरोबरी होईल.

ऑस्करचं नामांकनही मिळालं होतं. बाहुली मिळाली मात्र 'ब्यूटी अँड द बीस्ट'ला. ग्रॅमी मिळालं, चित्रपटासाठी लिहिलेल्या गाण्याचं.

प्रश्न : काका, आमच्या गॅदरिंगला दरवर्षी अ‍ॅडम्सचं 'समर ऑफ सिक्स्टीनाइन' होतंच. 'एव्हरीथिंग आय डू' कुणी घेत नाही. मग मोठं गाणं कुठलं? (कॉलेज विद्यार्थी, कोल्हापूर)

बाळा, तुझ्या 'समर'ने १९८५मध्ये अमेरिकेत पाचव्या क्रमांकापर्यंत मजल मारली, ब्रिटनमध्ये ४२व्या. बेचाळीस! माझ्या फळ्यावर तर फक्त १०ची जागा होती. आणि आज महाराष्ट्रात गिटार हातात घेणारं प्रत्येक पोरगं पहिल्या महिन्यात तेच वाजवतं, कारण डी आणि ए या दोन पकडी जमल्या की सुरुवात होते आणि स्टेजखालच्या सगळ्यांना ओरडता येतं. संथ गाण्यात ओरडायची सोय नाही. तिथे गाता यावं लागतं. शिवाय १९६९च्या उन्हाळ्यात अ‍ॅडम्स ९ वर्षांचा होता, हे तुमच्या गॅदरिंगच्या निवेदकाला सांगून बघ, चेहरा बघण्यासारखा होईल.

मोठं कुठलं ते विचारू नकोस. तू कुठल्या दुकानात उभा राहून मोजतोयस त्यावर आहे.

प्रश्न : मराठी मासिकात इंग्रजी गाण्यांचे गोडवे कशाला? (नाव दिलेलं नाही)

मागच्या अंकात भावगीतं होती. तेव्हा पत्र का नाही टाकलंत?

प्रश्न : १९९२ साली तुमच्याच दुकानातून घेतलेली एक कॅसेट सापडली. एका बाजूला हेच एक गाणं सात वेळा भरलंय! पण प्लेअरने टेप खाल्ली, आता गुंता झाला आहे. वाचेल का? (इंजिनिअर, सध्या ठाणे)

तुम्हीच का ते!

वाचकांना सांगतो. त्या काळी रिकामी कॅसेट आणली की आम्ही आवडीची गाणी भरून द्यायचो. कायद्याने ते चूक होतं, तेव्हा कळत होतं आणि तरी केलं. १९९१च्या शेवटी केबलवर एमटीव्ही दिसू लागला आणि पोरांच्या याद्या इंग्रजी झाल्या. एक दिवस वालचंद कॉलेजच्या होस्टेलचा एक मुलगा मेलट्रॅकची ६०ची कॅसेट घेऊन आला. यादी विचारली तर म्हणाला, "एकच." म्हटलं उरलेल्या जागेत काय भरू? म्हणाला, "तेच."

अडचण अशी की अल्बमवरचं गाणं साडेसहा मिनिटांचं. एका बाजूची टेप ३० मिनिटांची. ४ वेळा पूर्ण बसतं, आणि पाचव्यांदा नेमकं शेवटावर येताना टेप संपते, खटकन. मुलाला तो खटका चालत नव्हता. मग मी बघितलं की शब्द साधारण ४ मिनिटांत संपतात, पुढे नुसतं वाजवणं आहे. सिंगलसाठी कंपनीनेही तेच छाटलं होतं, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. मी डबल डेकजवळ बसलो, शब्द संपले की आवाजाचं बटण हळूहळू शून्यावर, टेप थांबव, मूळ कॅसेट मागे घे, पुन्हा. सात वेळा बसलं. त्या तासाभरात एक गिऱ्हाईक नाटकाची कॅसेट मागायला आलं, तेही दोनदा गाणं ऐकून गेलं. शनिवारी फळ्यावर ते पहिल्या नंबरला लिहिलं. खऱ्या खपावरून लिहिलेला तो माझा एकमेव नंबर, आणि ३ आठवड्यांनी पुसला, कारण अल्बमच्या १० कॅसेटी संपल्या आणि मुंबईहून माल येईना.

आता गुंत्याचं. आधी प्लेअरमध्ये पुन्हा घालून बघू नका, उरलेली टेपही खाईल. गुंतलेला भाग चिमटीत ओढू नका. ओढला की टेप ताणली जाते, आणि ताणलेल्या जागी अ‍ॅडम्स कायमचा दारू प्यायल्यासारखा गाईल. सहा पैलू असलेली पेन्सिल चाकात घाला आणि एका बाजूला अर्धा-अर्धा फेरा फिरवत सैल करा. चुरगळलेली जागा सपाट पुसायची असेल तर मऊ कापडावर ठेवून बोटाच्या उलट्या बाजूने.

तुटली असेल तर सेलोटेप लावू नका. त्याचा डिंक काही महिन्यांत कडेने पाझरतो आणि पुढच्या वेटोळ्याला चिकटतो. टेप जोडायची वेगळी पट्टी मिळते, ती तुमच्या ठाण्यातून पलीकडे मुंबईत ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर विचारा. जोड मागच्या बाजूने, टोकं तिरकी कापून, मध्ये फट न ठेवता.

त्यानंतर मधली खिडकी बघा. टेपच्या मागे पितळी पत्तीवर एक छोटा नमद्याचा तुकडा असतो. इतक्या वर्षांत त्याचा डिंक सुकून तो बहुतेक पडलेला असेल. तो नसला की आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो आणि लोकांना वाटतं टेप गेली. दुसऱ्या कुठल्याही निकामी कॅसेटमधून पत्तीसकट काढून बसवा. तुमच्या कॅसेटला ५ स्क्रू असतील तर काम सोपं आहे. चिकटवलेली असेल तर कडेने चाकू घालावा लागेल, तो हळू घाला. वरची बाजू उचलताना आतली दोन गुळगुळीत कागदी पानं हरवू नका, ती परत तशीच बसली पाहिजेत.

एवढं करून वाजली तर पहिल्याच वेळी मोबाइलवर उतरवून घ्या. सातव्या वेळचं बटण जरा घाईत फिरवलंय, शेवटचा शब्द अर्धा राहिला असेल. तेव्हा दुकान बंद करायची वेळ झाली होती.